बारा बाटल्यांतली भुकटी

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज सांगायला बसलेय, पण एक गोष्ट आधीच बोलून टाकते — मी डोळे पुसत हे लिहीत नाहीये. जे केलं त्यातलं बरंचसं मी उद्या पुन्हा करीन. याच हातांनी, तितक्याच शांतपणे. मग कबुली कसली? सांगते. जरा दमानं घ्या. ती नेमकी जागा सापडायला मलाच काही वर्षं लागली.

मी इथल्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकवते. झाडाच्या पानात आणि झाडाखालच्या मातीत नत्र किती, कार्बन किती, हे मोजणं माझं काम. ऐकायला रूक्ष वाटेल. वाटू द्या. पैठण-पाचोडकडच्या मोसंबीच्या बागा ऐन भरात पिवळ्या का पडतात, याचं उत्तर त्या आकड्यांत असतं. ते उत्तर ऐकायला बागवाले कापडी पिशवीत माती घेऊन आमच्या जिन्यावर येऊन बसतात. त्यांना काही ते रूक्ष वाटत नाही.

शहराच्या पाट्यांवर अजून औरंगाबाद लिहिलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. हे आकडे आम्ही जुन्या रीतीनं काढायचो. पानांची भुकटी सल्फ्युरिक ॲसिडात तासन्‌तास उकळायची. धूर ओढणारा पंखा महिन्यातले पंधरा दिवस बंद. माझा घसा कायम धरलेला, ओढण्यांना बारीक भोकं. एका घाण्याला दोन दिवस जायचे, आणि शेवटी आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. अशी मी तेरा वर्षं काढली. म्हणून अनुदान मंजूर झालं आणि एलिमेंटल ॲनालायझर घ्यायची ठरली, तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते तुम्हीच समजा. काम साधं आहे त्या मशीनचं. भुकटी तोलायची, कथलाच्या पातळ पुडीत गुंडाळायची, आतल्या भट्टीत सोडायची. ती जळते, आणि निघालेल्या वायूंवरून मशीन सांगते — कार्बन इतका, नत्र इतका. काही मिनिटांचं काम.

पण कुठली मशीन? तिथंच सगळं अडलं.

दोन कंपन्या शेवटपर्यंत टिकल्या. नावं सांगत नाही. पहिलीचं नाव मोठं, मशीन नाजूक. तिला टाचणीच्या डोक्याएवढी भुकटी पुरायची, दोन-तीन मिलिग्रॅम. आमचे विभागप्रमुख सोळुंके सर कपाशीवरच्या तुडतुड्यांवर काम करायचे. एका तुडतुड्याचं वजन ते केवढं? त्यांना हीच मशीन हवी होती, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसरीचं नाव लहान. ती चिमूटभर माती एका वेळी जाळायची. तुम्ही काळी जमीन कधी हातात घेतलीय? एका ढेकळात मुळी असते, चुनखडी असते, कुजलेलं पान असतं. त्यातून टाचणीच्या डोक्याएवढा कण उचलून मी शेतकऱ्याला काय सांगू, तुझ्या दोन एकरांचा हिशोब हा? शिवाय पहिलीला हेलियम लागायचा, त्याचं सिलिंडर बाहेरगावाहून येणार. दुसरी आर्गॉनवर चालायची. आर्गॉन जवळच वाळूजला वेल्डिंगवाल्यांकडं येतो, तिथूनच मिळाला असता, फक्त जरा जास्त शुद्ध प्रतीचा.

हे सगळं मी समितीपुढं मांडलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा तोंडी, दुसऱ्यांदा लेखी, तिसऱ्यांदा मातीच्या दोन पिशव्या टेबलावर ओतून. समितीत पाच जण होते, पण मशीनमधलं कळणारे सर आणि मी, दोघंच. सरांनी प्रत्येक वेळी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते — मुद्दाम सांगतेय, नाहीतर तुम्हाला वाटेल मी खलनायक शोधतेय. त्यांचं म्हणणं एकच.

“मॅडम, मोठ्या घासाची मशीन माझा तुडतुडा घेणार नाही. पण लहान घासाची मशीन तुमची माती घेऊ शकते. नमुना नीट वाटला की झालं.”

नमुना नीट वाटला की. खरंच होतं ते. पण वाटणार कोण?

वाटायचे प्रल्हादमामा. आमचे प्रयोगशाळा सहायक. पाचोडचे, पण नोकरीपायी शहरात राहिलेले, आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून. रविवारी आमच्याच विहारात पहिल्या रांगेत बसायचे. मी विद्यापीठात लागले त्या दिवशी त्यांनी वस्तीभर पेढे वाटले होते, माझ्या बापाच्या आधी. लॅबमध्ये मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की ‘ताई’. मामांनी खलात वाटलेली भुकटी तुम्ही पाहिली असती तर तुम्हाला सरांचं म्हणणं पटलं असतं. चिमटीत घेऊन ते अंगठ्यानं चोळायचे आणि चिमूट कानाजवळ न्यायचे.

“रवा वाजतो, मॅडम. पिठी वाजत नाय. वाजणं बंद झालं की समजायचं, झालं.”

पण मामांच्या नोकरीची तीनच वर्षं उरली होती. त्यांच्यानंतर वाटणार होती पोरं — एमएस्सीची, सबमिशनच्या घाईतली, मोबाइल खांद्यात धरून खल फिरवणारी. त्यांनी वाटलेलं मी रोज बघत होते. ते वाजायचं. नुसतं वाजायचं नाही, टोचायचं. म्हणजे सर म्हणत होते ती मशीन कागदावर बरोबर होती, आणि आमच्या लॅबमध्ये तीन वर्षांनी खोटे आकडे देणार होती. हे मला दिसत होतं. बाकी कुणाला दिसत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं.

वाद मिटेना, तेव्हा सरांनीच तोडगा काढला. मातीचे तीन नमुने, मोसंबीच्या पानांचे तीन. प्रत्येक नमुना दोन वेगवेगळ्या नंबरांनी, म्हणजे बारा बाटल्या. असे दोन सारखे संच करायचे आणि दोन्ही कंपन्यांच्या लॅबला पाठवायचे. कुठले दोन नंबर एकाच नमुन्याचे, हे कंपन्यांना सांगायचं नाही. जिचे जोडीचे आकडे एकमेकांशी जुळतील ती मशीन घ्यायची. चोख रीत. आणि सर म्हणाले, “ही जबाबदारी मॅडमची. त्यांचा आक्षेप आहे, तर त्यांच्याच हातून होऊ द्या. म्हणजे नंतर कुणी बोलायला नको.”

विश्वास होता त्यांचा. हे वाक्य लिहिताना मला काहीतरी वाटायला हवं ना? थोडं वाटतं. फार नाही.

मामांनी आठवडाभर वाटण केलं. वाळवलं, कुटलं, चाळलं, पुन्हा वाटलं, चोवीस बाटल्या भरल्या, आपल्या गोल सुट्या अक्षरांत लेबलं लावली. जे एकदाच कुटून बाजूला काढलं होतं, ते त्यांनी राखीव म्हणून सहा डब्यांत शेजारीच ठेवलं. मार्चची सुरुवात होती, ऊन तापायला लागलेलं. दुपारी मामा डबा खायला लिंबाखाली गेले. मी आतून कडी घातली.

पहिल्या कंपनीच्या बारा बाटल्या मी एकेक करून रिकाम्या केल्या आणि राखीव डब्यांतला रवा त्यांत भरला. ज्या नंबरात जो नमुना, त्याचाच. लेबलांना हात लावला नाही. मामांची पिठी कागदात गोळा केली, कचऱ्याच्या बादलीत टाकली, वर टिपकागदाचे बोळे टाकले. चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. भीती वाटली का? नाही. खोटं कशाला सांगू? मला मोकळं वाटत होतं. तीन बैठका बोलून जे झालं नव्हतं ते जेवणाच्या सुट्टीत झालं होतं.

मामा परत आले, त्यांनी दोन्ही खोकी बांधली. एकही बाटली उघडून बघितली नाही. आपल्या हातानं भरलेली बाटली कोण उघडून बघतं?

निकाल आले. पहिल्या कंपनीचे जोडीचे आकडे एकमेकांच्या जवळही नव्हते. दुसरीचे जुळले. समितीनं दहा मिनिटांत ठराव केला. सरांचा चेहरा उतरला, पण त्यांनीच पहिली सही केली. शब्दाचे पक्के.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली तुमची कबुली. लबाडी केलीत, सांगितलीत, संपलं. नाही. याबद्दल तुम्ही मला काहीही म्हणा, मी ऐकून घेईन आणि विसरून जाईन. मी स्वतःला तेव्हा सांगत होते की मी खोटं काही पाठवलंच नाही — पोरं रोज जसं वाटतात तसंच पाठवलं, मशीनची खरी परीक्षा घेतली. पळवाट आहे ही, मला कळतं. खरी परीक्षा दोघींची सारखी असते. लबाडी ती लबाडीच. पण त्या लबाडीसाठी मी मान खाली घालणार नाही. वेगळ्या माणसानं केली असती तर तिला मुत्सद्दीपणा म्हणाले असते.

कबुली पुढं आहे.

आठ-दहा दिवसांनी पहिल्या कंपनीच्या इंजिनियरचं पत्र आलं. तो माणूस कामाचा होता. त्यानं उरलेली भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती आणि फोटो जोडले होते. कण मोठे होते, असमान होते. दोन्ही कंपन्यांना एकसारखंच वाटण पाठवलं होतं का, एवढंच त्यानं नम्रपणे विचारलं होतं. सरांनी मला बोलावलं आणि मामांना बोलावलं.

“मामा, या बाटल्या तुम्हीच भरल्या?”

“व्हय सर. मीच.”

“मग हे असं कसं?”

मामांनी फोटो हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडं जाऊन उजेडात बघितला. मी त्यांच्याकडं बघत नव्हते, टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग ते हळू म्हणाले, “ही माझी पिठी नाय, सर. हा रवा आहे.” आणि फोटो टेबलावर ठेवत, “राखीवचे डबे शेजारीच होते. भरताना माझ्याच हातून अदलाबदल झाली असंल. दुसरं कोण करणार?”

दुसरं कोण करणार. कुत्सितपणे नाही म्हणाले. त्यांना खरंच दुसरं कुणी सुचत नव्हतं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. “मॅडम, पाठवण्याआधी तुम्ही तपासलं होतं ना?”

मी म्हणाले, “लेबलं तपासली होती, सर.”

बघा, या वाक्यात एक शब्दही खोटा नाही. लेबलं मी खरंच तपासली होती, त्या दुपारी, एकेक. इतकं सरळ, इतकं स्वच्छ वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेली नाही. आणि त्या वाक्यानं मी तीस वर्षं खल फिरवणाऱ्या माणसाचे हात तोडले. ही ती जागा. बाटल्या नाहीत — हे वाक्य.

पुन्हा चाचणी घ्यायला वेळ नव्हता. मार्चअखेर तोंडावर, अनुदान परत गेलं असतं. ठराव तसाच राहिला. सरांनी मामांना मेमो दिला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. “असू द्या मामा, वय झालं की होतं असं,” म्हणाले आणि पुढच्या कागदाकडं वळले. मेमो दिला असता तर बरं झालं असतं. मेमोशी माणूस भांडतो. ‘वय झालं’शी कसं भांडणार?

मी का बोलले नाही? तुम्हाला कारण हवंय? एक होतं माझ्याकडं, चांगलं पोसलेलं. मी आमच्या घरातली पहिली शिकलेली. नोकरीला लागले तेव्हा माझ्यामागं स्टाफरूममध्ये काय कुजबुज होती ते मला ठाऊक आहे. भिंती पातळ होत्या. दुसऱ्या कुणाची चूक ही एका माणसाची चूक असते. माझी चूक माझ्या आडनावासकट मोजली गेली असती, माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या नावावर चढली असती. म्हणून मी गप्प राहिले — असं मी स्वतःला सांगितलं. आणि ते कारण खरं आहे, आजही खरं आहे, त्यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

पण मग मामांचं आडनाव कुठलं होतं? त्यांची चूक एकट्याची राहिली का? महिनाभरात मी माझ्या कानांनी ऐकलं, दुसऱ्या विभागातला एक जण चहाच्या टपरीवर म्हणत होता, या लोकांकडं नाजूक काम देऊच नये. मी चहा संपवला. कप ठेवला. निघाले.

झालं, हे आलं एकदाचं कागदावर.

पुढचं ऐका, ते अजून वाईट आहे. मामांनी वाटण सोडलं. सरांनी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच खल पोरांच्या हवाली केला आणि काचसामान धुवायचं काम मागून घेतलं. आणि मला म्हणाले, “ताई, डोळे दाखवून घ्यावं म्हणतो.” फाटकाच्या आत ताई म्हणाले, पहिल्यांदाच. मी त्यांच्याबरोबर गेले. हो, मी गेले. रिक्षानं नेलं, केसपेपर काढला, बाकावर शेजारी बसले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासून सांगितलं, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, एवढ्यानं काही अडत नाही, बारीक काम खुशाल करा.

बाहेर येऊन मामा बाकावर पुन्हा बसले. मला वाटलं त्यांना हायसं वाटलं असेल. ते म्हणाले, “डोळे चांगले आहेत म्हणजे डोकं गेलं म्हणायचं.” मग सांगायला लागले, त्यांचे वडील म्हातारपणी कसे घरची वाट चुकायचे, एकदा भलत्याच्याच ओट्यावर जाऊन बसले आणि सुनेला हाका मारत राहिले. “त्यांचंबी असंच सुरू झालं होतं, ताई. बारीकसारीकातनं.” त्यांचे हात गुडघ्यांवर होते. स्थिर. इतके स्थिर हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

एक वाक्य पुरलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. सर नव्हते, समिती नव्हती, स्टाफरूम नव्हती. आमच्याच वस्तीतला, माझे पेढे वाटणारा माणूस आणि मी. माझं ते पोसलेलं कारण त्या बाकावर बसायला आलं नव्हतं. मी काय केलं? म्हणाले, “मामा, जास्त विचार करू नका.” आणि रिक्षाला हात केला. वाटेत तेच मला विचारत होते, “तुमच्यावर तर काय आलं नाय ना, माझ्यापायी?”

नाही, मी म्हणाले. काही आलं नाही.

त्यांनी खिशात वही ठेवायला सुरुवात केली. नळ बंद केला, लिहायचं. कुलूप लावलं, लिहायचं. मग वही उघडून बघायचं, आणि तरी परत जाऊन कुलूप ओढून बघायचं. मामी मला वस्तीत भेटल्या की सांगायच्या, रात्री तीन-तीनदा गॅस बघायला उठतात. वर्षभरात मामांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात शाल-नारळ झालं आणि भाषण कुणी करावं? मी केलं. मामांच्या हातची पिठी पुन्हा कुणाला जमणार नाही, असं मी माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. मामा मान खाली घालून बसले होते. नंतर हात जोडून म्हणाले, “सांभाळून घेतलंत, मॅडम.”

आणि मशीन? ती उत्तम चालली. हे मी ताठ मानेनं सांगणार, तुम्हाला आवडो न आवडो. मध्ये हेलियमची टंचाई झाली तेव्हा दुसऱ्या ठिकाणच्या नाजूक मशीन झाकून ठेवाव्या लागल्या, आमची वाळूजच्या आर्गॉनवर चालू होती. पोरांचं टोचणारं वाटण तिनं पचवलं. चार जणांच्या पीएचड्या तिच्यावर झाल्या, पिशव्या घेऊन येणाऱ्यांना आता आठवड्यात उत्तर मिळतं, आणि माझा घसा बरा झाला. सोळुंके सरांना तुडतुडे दुसऱ्या शहरात पाठवून मोजून आणावे लागले. त्यांचं काम रखडलं, तेही खरं. पण निवृत्त होण्याआधी ते मशीनपाशी उभे राहून मला म्हणाले, “वंदना, तुझं बरोबर होतं.” मी म्हणाले, “हो सर.” मी नम्रपणाचं नाटक केलं नाही. माझं बरोबर होतं.

बरोबर असणं आणि निर्दोष असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एवढं मात्र मी शिकले. उशिरा.

गेल्या वर्षी मी पाचोडला गेले. माती तपासणीचं शिबिर होतं तिकडं. निवृत्तीनंतर मामा गावीच येऊन राहिले होते; शिबिर संपल्यावर एसटी धरायच्या ऐवजी मी त्यांचं घर विचारत गेले. सांगायचंच ठरवून. बाजाराचा दिवस होता, मुलगा आणि सून बाजाराला गेले होते, मामी चुलीपाशी. मामा अंगणात मोसंबीच्या झाडांसाठी खत तोलत बसलेले. तागडीचा काटा मध्यावर स्थिर झाला होता, मला लांबून दिसत होता. तरी त्यांनी मामींना हाक मारली, “बघ गं, बरोबर हाय का?” मामी पदराला हात पुसत आल्या, बघितलं, “व्हय,” म्हणाल्या, गेल्या. पुढचं माप. पुन्हा हाक. मामी पुन्हा आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर वैतागसुद्धा नव्हता. सवय होती.

मला बघून मामांना फार आनंद झाला. बाज टाकली, पाणी दिलं. मशीन कशी आहे, विचारलं. माणसाची विचारपूस करावी तसं. मी सांगितलं, चांगली आहे, रोज चालते, तुमच्या पाचोडची माती त्याच मशीनवर बघतो.

“मी कधी-कधी म्हणतो मामीला,” मामा म्हणाले, “माझ्या हातून गफलत झाली, पर त्या गफलतीनं ताईची मशीन आली. नायतर सरांची आली असती. म्हणजे माझं डोकं गेलं ते कामी आलं.”

आणि हसले. मनापासून.

मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसले. आता सांगितलं तर यांचा हा उरलेला आधारही जाईल, असं माझ्या मनात आलं — लगेच आलं, तयारच होतं जणू. किती कनवाळू विचार. त्याच्याआड मी पुन्हा एकदा बसले. खरं एवढंच की मला भीती वाटली. ते चिडतील याची नाही. ते मला माफ करतील, तिथंच बसून, दोन मिनिटांत, आणि वर मलाच धीर देतील, याची. ते मला सहन झालं नसतं. म्हणून मी चहा घेतला, मामींच्या पाया पडले, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

त्या बारा बाटल्या मी बदलल्या. प्रल्हादमामांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. त्यांचे डोळे चांगले होते, हात चांगले होते, डोकं शाबूत होतं, आजही आहे. हे आता तुम्हाला माहीत आहे.

मामांना नाही. ते पाचोडला आहेत, हयात आहेत, एसटीनं सव्वा तासावर. तुम्हाला सांगणं सोपं होतं.